सहा बोटांच्या मांजराची नखं: कोणतं नेलकटर घ्यावं, कोणतं घेऊ नये

जादा बोटं असलेल्या मांजरासाठी एकच हत्यार घ्यायचं असेल, तर छोट्या कात्रीसारखं, पात्यांत अर्धगोल खाच असलेलं नेलकटर घ्या. बोटं घालायला दोन कड्या, टोकाला आखूड पाती आणि एकूण लांबी ८ ते १२ सेंटिमीटर. साधारण १५० ते ४०० रुपयांत ते मिळतं. दुकानात दर्शनी फळीवर मोटर बसवलेली, दिवा लावलेली, पकडीएवढ्या मुठींची हत्यारं मांडलेली असतात आणि विक्रेता आधी तीच पुढे करतो. साध्या मांजराला ती चालूनही जातात. जादा बोटांच्या पंजावर मात्र त्यांतली बहुतेक निरुपयोगी ठरतात, आणि काही तर घातक. असं का होतं, ते कळायला आधी पंजा बघावा लागतो.

साध्या मांजराला पुढच्या प्रत्येक पायाला ५ आणि मागच्या प्रत्येक पायाला ४, म्हणजे एकूण १८ बोटं असतात. पुढचं पाचवं बोट हा आतल्या बाजूला, जरा वर असलेला अंगठा. तो जमिनीला टेकत नाही. जादा बोटं बहुतेक वेळा याच अंगठ्याच्या बाजूला फुटतात आणि बहुतेक वेळा पुढच्याच पायांना. काही मांजरांचा पंजा त्यामुळे हातमोजा घातल्यासारखा दिसतो: चार बोटं एकीकडे आणि एक-दोन बोटांचा जाडसर अंगठा दुसरीकडे. काहींची सगळी बोटं एका ओळीत येतात आणि पंजा नुसता रुंद, पसरट होतो. नखांच्या दृष्टीने पसरट पंजा सोपा, कारण सगळी बोटं जमिनीला टेकतात. अवघड असतो तो हातमोज्यासारखा.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या जेक नावाच्या बोक्याची २००२ साली २८ बोटं मोजली गेली, प्रत्येक पायाला ७, आणि प्रत्येक बोटाला स्वतःचं नख, गादी (बोटाखालचा मऊ फुगीर भाग) आणि हाड. गिनेस वर्ल्ड रेकॉर्ड्सने तो विक्रम म्हणून नोंदवला. घरातल्या मांजराची मजल सहसा तिथवर जात नाही, पण २० किंवा २२ नखं सांभाळणं हेही १८ नखं सांभाळण्याहून वेगळं काम आहे, कारण फरक नुसत्या संख्येचा नसतो.

हा आजार नाही, हेही सांगायला हवं. गर्भात पाय घडत असताना सॉनिक हेजहॉग नावाचं जनुक कुठे आणि किती चालू राहील, हे डीएनएचा एक छोटा तुकडा ठरवतो. त्या तुकड्यात एका अक्षराचा बदल झाला की जादा बोटं येतात. गुण प्रभावी आहे, आई किंवा बाप एकाकडून आला तरी पुरतो. म्हणून एकाच वेताच्या पिल्लांत काहींना जादा बोटं असतात, काहींना नसतात, आणि ज्यांना असतात त्यांचीही संख्या सारखी नसते. अमेरिकेत बॉस्टनच्या आसपास आणि ब्रिटनमध्ये वेल्स व नैऋत्य इंग्लंडकडे अशी मांजरं बरीच आढळतात. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना प्राण्यांच्या आश्रयगृहात मांजर दत्तक घ्यायला गेल्यावर असं पिल्लू समोर येण्याची शक्यता इथल्यापेक्षा जास्त. फ्लोरिडातल्या की वेस्ट गावी अमेरिकी लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या घराच्या संग्रहालयात अशा मांजरांची अख्खी वस्ती आहे, त्यावरून त्यांना 'हेमिंग्वे मांजर' असंही म्हणतात. आपल्याकडच्या देशी मांजरांतही हा गुण अधूनमधून दिसतो, फक्त तो लक्षात येतो नख कुठेतरी अडकल्यावर.

आता नखांचं. जादा बोट तीन तऱ्हेचं असतं आणि विकत घ्यायचं हत्यार या तिन्हींना पुरलं पाहिजे. पहिलं पूर्ण बोट: त्याला हाड, सांधा, स्नायूची दोरी, गादी, सगळं असतं. गादी हलकेच दाबली की नख बाहेर येतं, सोडली की आत जातं. दुसरं अर्धवट बोट: नख आहे, पण सांधा धड नाही. ते दाबल्याने पुढे येत नाही आणि आतही जात नाही, कायम तसंच राहतं. तिसरं म्हणजे दोन बोटांच्या बेचक्यात, केसांत लपलेलं नुसतं नख, कधी शेजारच्या नखाला चिकटून जोडनख झालेलं. वरून बघताना ते दिसतच नाही. बोटाच्या टोकाने चाचपलं तर टोचतं, तेव्हा कळतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेची नखं जमिनीला लागत नाहीत आणि मांजराच्या ओरखडायच्या खांबावरही रुतत नाहीत. मांजराचं नख आतून नवीन येतं आणि बाहेरचं जुनं टरफल ओरखडताना निघून पडतं. घरात खांबाच्या पायथ्याशी सापडणारी पोकळ नखं म्हणजे तीच टरफलं. जे नख कशावर रुतत नाही त्याचं टरफल निघत नाही, थरावर थर चढतो, नख जाड होतं आणि वाढता वाढता गोल वळून स्वतःच्याच गादीत शिरतं. बेचक्यातल्या नखाला वळायला जागाही कमी असते, म्हणून ते शेजारच्या बोटात शिरतं. मांजर त्याआधी क्वचितच तक्रार करतं. पाय चाटत बसणं, एका पायावर कमी भार देणं, पंजाला हात लावू न देणं, बोटांच्या मध्ये ओलसर वास येणं ही चिन्हं दिसली, म्हणजे नख बहुधा आत शिरलेलं आहे.

म्हणून नेलकटर पारखताना आम्ही चार गोष्टी धरल्या. त्याचं टोक बेचक्यात जाईल इतकं बारीक आहे का. गोल वळलेल्या नखाला ते बाजूने पकडू शकतं का. एका हाताने चालतं का, कारण दुसऱ्या हाताला बोटं फाकवायची असतात. आणि नख कापतं की चिरडतं.

कात्रीच्या आकाराचं नेलकटर या चारही कसोट्यांना उतरतं. पाती उघडली की खाच बाजूने उघडी असते, त्यामुळे नख कुठल्याही कोनात असलं तरी खाचेत घेता येतं. नखाच्या टोकापासून हत्यार ओवत न्यावं लागत नाही. वळलेल्या नखाचं टोक आणि गादी यांच्यात ३-४ मिलिमीटरची फट असली तरी एक पातं आत सरकतं. बोटं कड्यांत असल्याने मांजराने पाय ओढला तर हात लगेच मागे घेता येतो.

पण याच प्रकारात खराब मालही भरपूर आहे, म्हणून घेताना पारखून घ्या. पाती मिटून उजेडासमोर धरा. खाच सोडून पात्यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली तर ठेवून द्या. खाचेत नायलॉनचा दोरा घालून कापून बघा. दोरा स्वच्छ तुटला पाहिजे, दुमडून पात्यांत अडकला तर ते नेलकटर नखही असंच दुमडून चिरडणार. मधला जोड स्क्रूचा असेल तर उत्तम, सैल झाला की आवळता येतो. खिळा ठोकून बसवलेला असेल तर सहा-आठ महिन्यांत पाती फाकायला लागतात, आणि मग नख कापल्यावर कडेला तुसं राहतात. ती तुसं पुढे पडद्यात अडकतात. खाच कितपत खोल आहे तेही बघा. लहान पिल्लांसाठी असलेल्या अगदी बारीक खाचेत म्हाताऱ्या बोक्याचं जाड नख मावत नाही, ते पात्याच्या सपाट भागावर येतं आणि निसटतं. कोकणात, गोव्यात आणि मुंबईच्या पावसाळ्यात साध्या लोखंडी पात्याला महिन्याभरात गंज धरतो. तिथे स्टेनलेस स्टीलच घ्यावं.

याच प्रकाराचा मोठा भाऊ म्हणजे स्प्रिंग बसवलेलं, पकडीसारख्या मुठींचं नेलकटर. ते कुत्र्यांसाठी आहे. पाकिटावर मांजराचंही चित्र छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. त्याचं टोक एक सेंटिमीटरहून रुंद असतं, बेचक्यात जातच नाही, आणि पात्यामागे जी पत्र्याची आड बसवलेली असते ती नेमकी नजरेच्या आड येते. फार जाड झालेलं नख पहिल्यांदा कापताना त्याची ताकद कामाला येते, पण ते काम तसंही व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, करून घेणं बरं.

गिलोटिन, म्हणजे कडीत नख घालायचं आणि मूठ दाबली की पातं सरकून नख तुटायचं, हा प्रकार अनेक जुने मांजरपाळे वापरतात आणि साध्या बोटांवर तो कापतोही सुरेख. नवीन पात्याने कापलेलं नख अगदी गुळगुळीत असतं, पातं बदलूनही मिळतं. तरी जादा बोटांच्या मांजरासाठी आम्ही तो नापास करतो. नख कडीत ओवायला टोक मोकळं लागतं. ज्या नखाचं टोक गादीला भिडलंय ते कडीत जाणारच नाही, आणि खरी निकड त्याच नखाची असते. जोडनखाच्या बाबतीत एकाऐवजी दोन्ही नखं कडीत शिरतात, आणि त्यातलं एक आखूड असलं तर त्याचा जिवंत भाग, म्हणजे नखाच्या आतला रक्तवाहिनीचा गुलाबी भाग, कापला जातो. तिसरं कारण सगळ्यात गंभीर: नख कडीत असताना मांजराने पाय हिसडला तर कडी नखासकट ओढली जाते. हत्यार पटकन सोडवता येत नाही. नख मुळापासून हलतं.

माणसांचं नेलकटर वाईट नाही, हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाची नखं इतकी पातळ असतात की छोटं नेलकटर पुरतं आणि त्याचं टोक बेचक्यात जातंही. फक्त ते धरायची पद्धत वेगळी. मांजराचं नख दोन्ही बाजूंनी चपटं असतं. पाती डाव्या-उजव्या बाजूने दाबली तर नख चेपून उभं चिरतं. पाती नखाच्या वर आणि खाली येतील असं धरावं, म्हणजे काप वरून खाली जातो. वर्षभरानंतर नखं जाड झाली की ते बाजूला ठेवा. आणि जे मांजरासाठी ते मांजरासाठीच.

दिवा लावलेली नेलकटरं आम्ही मोजत नाही. मांजराची नखं बहुतेक वेळा पारदर्शक असतात, आतला गुलाबी भाग सकाळच्या खिडकीच्या उजेडात सरळ दिसतो. दिव्यासाठी हत्यार जाड होतं, आणि जाड हत्यार बेचक्यात जात नाही.

नख घासायच्या यंत्राबद्दल, ज्याला दुकानात ग्राइंडर म्हणतात, जरा सविस्तर लिहायला हवं, कारण 'रक्त येण्याची भीती नाही' या एका वाक्यावर ते खपतं. किंमत ८०० रुपयांच्या पुढे. रक्त येण्याची भीती कमी हे खरं. पण फिरणाऱ्या दगडाची कड बेचक्यात नेली की शेजारच्या बोटाची कातडी आणि केस त्यात येतात. लांब केसांच्या मांजराचे बोटांमधले केस गुंडाळले जाऊन ओढ बसते, आणि एकदा असं झालं की ते मांजर पुढे यंत्राचा आवाज ऐकूनच पलंगाखाली जातं. दगड एका जागी दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवला तर नख तापतं. वळलेल्या नखावर यंत्र चालतच नाही, कारण घासायला टोक समोर लागतं. एकच काम त्याला जमतं: कापून झालेल्या जाड नखाची खरबरीत कड गोल करणं. तेच काम नखं घासायची साधी पट्टी आवाज न करता दहा सेकंदांत करते आणि तिला वीस-तीस रुपये पडतात.

नखांवर चिकटवायच्या मऊ टोप्यांचं पाकीटही लोक सोफा वाचवण्यासाठी घेतात. पाकिटात साधारण २० टोप्या आणि गोंदाची नळी. साध्या मांजराच्या पुढच्या दोन पंजांना १० लागतात, म्हणजे पाकीट दोनदा पुरतं. दोन्ही पंजांना ७-७ बोटं असतील तर १४ लागतात, उरलेल्या ६ पुढच्या वेळी पुरत नाहीत. खरी अडचण मापाची आहे. पूर्ण बोटाचं नख एका मापाचं, अर्धवट बोटाचं त्याहून बारीक, आणि पाकिटात सगळ्या टोप्या एकाच मापाच्या. सैल टोपी दोन दिवसांत निघून मांजराच्या तोंडात जाते. घट्ट बसवली तर नख आत घेता येत नाही. बेचक्यातल्या नखावर तर टोपी लावूच नये: तिच्याखाली नख वाढत राहतं आणि टोपीमुळे ते वळतंय हे दिसत नाही. टोप्या लावायच्याच असतील तर जमिनीला टेकणाऱ्या बोटांना लावा, जादा नखं उघडी ठेवा, आणि चार ते सहा आठवड्यांत जुनी टोपी न पडल्यास ती काढून नख तपासा.

हत्यार घेतलं, आता वापर. पहिल्या दिवशी काहीच कापू नका. मांजर जेवून सुस्तावलेलं असताना चारही पंजे चाचपून कागदावर प्रत्येक पंजाचं साधं चित्र काढा आणि प्रत्येक नखापुढे लिहा: दाबल्यावर येतं, येत नाही, बेचक्यात, जोडनख. हा कागद नेलकटरच्या डबीतच ठेवायचा. नख न कापलं जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हट्टी मांजर हे नसून ते नख आहे हेच माणसाने विसरणं, हे आहे. जादा नखं असलेल्या मांजराचे केस दाट असतील तर बेचक्यातले केस बोथट टोकाच्या कात्रीने दर दीड-दोन महिन्यांनी कमी करावेत, म्हणजे नख उघडं राहतं.

कापताना क्रम उलटा धरा. बहुतेकजण समोरच्या चार सोप्या नखांपासून सुरुवात करतात आणि अंगठ्यापाशी येईस्तोवर मांजराचा धीर संपतो. आधी बेचक्यातलं नख, मग अर्धवट बोट, मग अंगठा आणि शेवटी समोरची नखं. समोरची राहिली तरी बिघडत नाही, ती खांबावर झिजतात. एका बैठकीत एक पंजा पुरे, पाच मिनिटांच्या आत. मध्ये मध्ये मीठ, कांदा, लसूण न घालता शिजवलेल्या कोंबडीचे वाटाण्याएवढे तुकडे द्या.

मांजर गुंडाळावं लागलं तर टर्किश टॉवेल वापरू नका. त्याच्या धाग्यांच्या फाशांत जादा नख अडकतं आणि तिथूनच झटापट सुरू होते. जुन्या सुती साडीची चौघडी किंवा जाड पंचा घ्यावा, एकच पाय बाहेर ठेवावा. मानगूट धरून लटकावणं तर नकोच. मोठ्या मांजराला त्याने दुखतं आणि पुढच्या वेळी ते हातात येत नाही.

पूर्ण बोटाचं नख गादी आणि वरचा सांधा यांच्यामध्ये हलकेच दाबून बाहेर आणा. आतला गुलाबी भाग जिथे संपतो त्याच्या किमान २ मिलिमीटर पुढे, नखाला काटकोनात पाती धरून, वरून खाली एका झटक्यात कापा. हळूहळू दाबलं की नख आधी चेपतं, मग तुटतं, आणि मांजराला त्या चेपण्याचाच त्रास होतो. अर्धवट बोटाचं नख दाबून येत नाही, त्याला जोर लावू नका: अंगठा आणि तर्जनीने केस मागे सारून ते आहे तिथेच कापायचं. जोडनखात गुलाबी भाग नेहमीच्या जागी नसतो, कधी दोन वेगळे असतात. तिथे फक्त टोकाचा १ मिलिमीटर घ्या आणि दर आठवड्याला थोडं थोडं. जाड, पिवळसर झालेल्या नखात आतलं काही दिसत नाही. तिथे पातळ चकत्या घेत जावं. चकतीच्या मध्यभागी मऊ, ओलसर ठिपका दिसला की थांबायचं.

गोल वळलेलं नख गादीला नुसतं टेकलं असेल, कातडी फाटली नसेल, तर वळणाच्या मध्यावर कापा. टोक जवळ कापलं तर उरलेला आकडा तसाच राहतो आणि मुळाजवळ कापलं तर जिवंत भाग लागतो, कारण न कापलेल्या नखात तोही पुढे आलेला असतो. दोन आठवड्यांनी पुन्हा थोडं कापलं की तो मागे सरकत जातो. नख गादीच्या आत शिरलं असेल, रक्त, पू किंवा वास असेल, तर घरी हात लावू नका. नख कापता येईलही, पण आत अडकलेला तुकडा ओढून काढताना होणारी वेदना, खोल जखमेची सफाई आणि संसर्गाचं औषध ही व्हेटची कामं आहेत. रिकाम्या पोटी नेता येईल अशी वेळ फोनवर विचारून घ्या, काही मांजरांना गुंगी द्यावी लागते.

रक्त आलंच तर घाबरून पाण्याखाली धरू नका. रक्त थांबवायची पूड चिमूटभर नखाच्या टोकाला दाबून धरा, दोन-तीन मिनिटं, मध्ये उघडून न बघता. पूड घेताना घटक वाचा. काही पुडींत बधिर करणारं बेन्झोकेन असतं, मांजराच्या रक्ताला ते बाधतं. ते नसलेली घ्या. पूड नसेल तर कॉर्नफ्लोअर चालतं. हळद टाळावी, तिच्या रंगाखाली रक्त वाहतंय की थांबलंय ते समजत नाही. दहा मिनिटांत थांबलं नाही तर व्हेट. त्या दिवसापुरती मांजराच्या शौचाच्या ट्रेमध्ये वाळूऐवजी फाडलेला कागद टाका. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका, मांजराला ते प्राणघातक आहे. जखमेवर डेटॉल किंवा फिनाईलही नको, चाटलं की पोटात जातं आणि मांजराचं यकृत ते निपटू शकत नाही.

दर किती दिवसांनी? समोरची नखं दोन ते तीन आठवड्यांनी. जादा नखं दर आठवड्याला बघायची आणि लागेल तशी कापायची. दहा-बारा वर्षांच्या पुढचं मांजर सांधे दुखत असल्याने ओरखडतही कमी, त्याची नखं झपाट्याने जाड होतात, त्याचं दर आठवड्याला.

नेलकटरसोबत घ्यायच्या दोन वस्तूंबद्दल थोडक्यात. ओरखडायचा खांब घायपाताच्या दोराचा घ्या, किमान ८० सेंटिमीटर उंच, म्हणजे मांजराला अंग पूर्ण ताणता येतं, आणि बूड इतकं जड की हाताने ढकलून डुगडुगणार नाही. काथ्याचा दोर स्वस्त, पण त्याचे धागे सुटून बोटांच्या मध्ये जातात. सतरंजीसारखं फाशांचं कापड लावलेले बहुमजली मनोरे अशा मांजरांसाठी नकोत. जादा नख फाशात अडकून मांजर वरच्या मजल्यावरून लटकतं आणि नख उपटतं. त्याच कारणासाठी मच्छरदाणी, लोकरीची विणलेली पांघरुणं आणि जाळीचे पडदे असलेल्या घरात नखं कापण्यात हयगय नको. खांबासोबत पन्हळी पुठ्ठ्याची आडवी पाटीही ठेवा. आडव्या पाटीवर पंजा पसरला की अंगठ्याच्या बाजूची नखं थोडी तरी रुततात, उभ्या खांबावर ती हवेतच राहतात.

लिटरमध्ये, म्हणजे शौचाच्या ट्रेमध्ये, बारीक बेंटोनाइट (चिकणमातीची) वाळू बोटांच्या बेचक्यांत ओली होऊन सिमेंटसारखी बसते. रुंद पंजा ती घरभर नेतो, हे त्यामानाने किरकोळ. बेचक्यात बसलेला गोळा नखाभोवती कातडी सोलतो, हे खरं नुकसान. जाड दाण्याची किंवा लाकडाच्या भुशाच्या कांड्यांची वाळू घ्या, बिनवासाची. मांजराला दाण्यांचा बदल आवडत नाही, म्हणून आठवडाभर जुन्या वाळूत चौथा हिस्सा, मग अर्धी, असं वाढवत न्या.

नसबंदीसाठी भूल दिली जाईल तेव्हा बेचक्यातली नखं तपासून घ्यायला आणि शंका असेल तर पंजाचा एक्स-रे काढायला व्हेटला आधीच सांगून ठेवा. कुठल्या बोटात हाड आहे आणि कुठल्यात नाही हे एकदा कळलं की तुमच्या कागदावरचं चित्र पक्कं होतं. एखादं बोट वारंवार सुजत, फाटत असेल तर तेवढंच बोट काढण्याचा सल्ला मिळू शकतो आणि तो रास्त असतो. फर्निचरसाठी सगळी नखं काढून घेणं मात्र वेगळं: त्यात प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड कापलं जातं. पुढचे पाय तोकडे किंवा वाकडे असतील तर तो जादा बोटांचा साधा प्रकार नसू शकतो, त्यात पुढच्या पायाचं हाडच नीट वाढलेलं नसतं. अशा मांजराची पैदास करू नये.

प्रत्येक वापरानंतर नेलकटरची पाती स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पूर्ण सुकू द्या, महिन्यातून एकदा जोडात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाकून जास्तीचं पुसून घ्या. नायलॉनचा दोरा पुन्हा दुमडायला लागला की धार लावत बसू नका, नवीन आणा.